दुसरा भाग वाईट नव्हता

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ऑफिसातल्या मैत्रिणींना नाही. देवासमोर हात जोडून उभी राहिले तरी तिथेही दुसऱ्याच गोष्टी बोलून परत यायचे. मग तुम्हालाच का सांगत्येय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. उद्या जिन्यात तुम्ही मला भेटणार नाही, दुधाच्या रांगेत माझ्या मागे उभे राहणार नाही. बस, एवढंच कारण. त्यात मोठेपणा काही नाही.

आणि सुरुवात तरी कुठून करू? एका जपानी कार्टूनपासून करावी लागेल. हसून घ्या आधी. मला चालेल.

आमची बिल्डिंग डोंबिवली वेस्टला, कोपरच्या बाजूला. तिथे एक म्हण पडलेली आहे. एखाद्या पिक्चरचा दुसरा भाग आपटला, कोणाच्या दुसऱ्या मुलाचं बारसं पहिल्याएवढं दणक्यात झालं नाही, अगदी कालच्या आमटीला आज चव राहिली नाही, की कोणीतरी म्हणतं, 'उचकीराम पार्ट टू.' सगळे हसतात. ज्यांनी उचकीराम कधी बघितलाच नाही ती पोरंही हसतात, आईबापांचं ऐकून. मी पण हसते. इतकी वर्षं हसत्येय. तो दुसरा भाग का आपटला हे या जगात फक्त मला माहीत आहे, आणि मी हसते — काय म्हणायचं अशा बाईला?

थांबा. नीट सांगते.

मी ठाण्याला एका कंपनीत टायपिस्ट होते. कंपनीचं जपान्यांशी काहीतरी कोलॅबोरेशन झालेलं, म्हणून साहेबांनी आम्हा दोघींना दादरला जपानी शिकायला पाठवलं. दुसरी लग्न करून नोकरी सोडून गेली. मी राहिले. माझं राहणं हे तेव्हा सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. तिशी ओलांडलेली, रंग असा, दात थोडे पुढे, आणि जिभेला धार. तिकडून आलेल्या एका इंजिनियरची बायको ठाण्यात एकटीच घरात बसून कंटाळायची, तिला मी भाजी घ्यायला घेऊन जायचे. ती परत जाताना मला एक पिशवीभर कॅसेट देऊन गेली. तिच्या बहिणीने तिकडच्या टीव्हीवरून भरून पाठवलेल्या. म्हणाली, ऐकत जा, कान तयार होईल.

कार्टूनच, पण पोरांचं नव्हे. प्रेमाची गोष्ट, आणि पोट दुखेपर्यंत हसवणारी. समुद्राकाठचं एक गाव. तिथल्या बर्फाच्या गोळ्यांच्या दुकानात एक लांबडा मुलगा, आणि खाडीपलीकडे जाणाऱ्या होडीवर तिकिटं फाडणारी एक मुलगी. त्याचं तिच्यावर प्रेम. पण सांगायला तोंड उघडलं की याला उचकी लागायची. दर भागात. कधी पुलावर, कधी देवळात, कधी तिच्या बापासमोर. बस, एवढीच स्टोरी.

त्या कॅसेट आपल्याकडच्या व्हीसीआरवर चालायच्या नाहीत. चित्र सारखं वर सरकायचं, रंग गायब. तिथे सतीश आला. सतीश आमच्या समोरच्या दारात राहायचा, आई आणि तो. स्टेशनजवळ त्याचं टीव्ही-रेडिओ रिपेअरिंगचं छोटं दुकान होतं. दुबईहून आलेल्या कोणा गिऱ्हाइकाचं कुठल्याही देशाची कॅसेट चालवणारं एक मशीन त्याच्याकडे होतं. काकू, म्हणजे त्याची आई, शिवणकाम करायच्या. त्यांच्या घरात कापडांचे ढीग, बसायला जागा नाही. म्हणून दर रविवारी दुपारी तो ते मशीन उचलून आमच्याकडे आणायचा. आई, काकू, माझी धाकटी बहीण नीलू, मजल्यावरची अजून चारदोन माणसं, आणि टीव्हीच्या शेजारी स्टुलावर मी. तिकडे जपानी बोलायचे, इकडे मी मराठीत.

मी मुळात घुमी. पण त्या स्टुलावर बसले की काय व्हायचं कोणास ठाऊक. मुलाचा आवाज काढायचे, तिच्या खडूस बापाचा काढायचे, होडीवरच्या म्हातारीला मालवणी बोलायला लावायचे. काकू खूष. मुलाला उचकी लागली की म्हणायच्या, 'अरे, ती आठवण काढत्ये ना तुझी, म्हणून लागते. बोल की तिला.' जपान्यांना उचकीचं हे माहीत नसणार, पण आमच्या घरात त्या कार्टूनला तो एक जास्तीचा अर्थ चिकटला. बिल्डिंगने त्याचं नाव ठेवलं उचकीराम. आणि नीलू — नीलू हसायला लागली की थांबायची नाही. ओढणीचा बोळा तोंडात कोंबायची, भिंतीला पाठ घासत खाली सरकत जमिनीवर बसायची. लोक कार्टूनला कमी आणि नीलूला जास्त हसायचे.

काही वाक्यं मला लांबवावी लागायची. जपानीत दोन शब्द, मराठीत माझी चार वाक्यं. तेव्हा सतीश मशीनच्या पॉजवर बोट ठेवून माझ्याकडे बघायचा. 'झालं, सुधा? सोडू?' मी मान हलवली की मगच सोडायचा. तुम्हाला हे काहीच वाटणार नाही. पण माझं वाक्य संपायची कोणी वाट बघतंय, असं माझ्या आयुष्यात तोवर झालेलं नव्हतं. घरात नाही, ऑफिसात तर नाहीच. एका बोटाने तो माणूस सगळं जग थांबवून माझ्याकडे बघायचा, असं मला वाटायचं. मी रविवारी सकाळी केस धुवायला लागले. पावडर लावायला लागले. आईच्या लक्षात आलं असेल.

तो माझ्यासाठी येतो, अशी माझी समजूत होती. हो, होती. कोणी सांगितलेलं नव्हतं. माझं मीच ठरवलेलं.

पहिला भाग संपला त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उचकीराम पावसाने गळणाऱ्या छपराखाली उभा, उचकी थांबत नाही, आणि ती काही न बोलता त्याला पाण्याचा पेला देते. तो घटाघटा पितो आणि उचकी थांबते. तिथेच संपतं. पुढे काय? पुढचं पुढच्या भागात, आणि तो आमच्याकडे नव्हता. वर्षभर बिल्डिंगमध्ये तीच चर्चा. सतीशलाही पोरं उचकीराम म्हणायला लागली, कारण तोही बोलताना अडखळायचा. मला वाटायचं, माझ्यासमोर अडखळतो.

त्या वर्षी मला बघायला विठ्ठलवाडीहून एक स्थळ आलं. मी चहा घेऊन गेले. पाण्याचे पेले नीलूने नेलेले, बस तेवढंच तिचं काम. दुसऱ्या दिवशी मध्यस्थ बाईचा निरोप आला — मुलगी पसंत आहे, पण धाकटी.

आई दोन दिवस माझ्याशी नजर टाळून बोलली. मग म्हणाली, 'सुधा, तुला वाईट वाटणार. पण एकीचं तरी होऊ दे गं.' मी म्हटलं, 'मला कशाला वाईट वाटेल? माझं ठरलंय.' काय ठरलंय ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सतीशचं नाव सांगितलं असतं का? बहुतेक सांगितलं असतं, आणि तिथेच तोंडावर आपटले असते. बरं झालं असतं.

आणि नेमकं त्याच सुमाराला तिकडून आलेल्या एका इंजिनियरने मला दुसरी पिशवी आणून दिली. उचकीराम, भाग दुसरा.

पहिल्या रविवारी घर भरलेलं. सतीश मशीन घेऊन आत आला आणि म्हणाला, 'सुधाताई, प्लग इथेच लावू ना?'

ताई.

माझ्याहून वर्षभराने मोठा माणूस. वर्षभरापूर्वीपर्यंत सुधा म्हणायचा. नीलू मला ताई म्हणते, म्हणून आता तोही ताई म्हणतो. मराठी माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. त्याने काहीच केलं नव्हतं हो. प्लग कुठे लावू एवढंच विचारलं. मी म्हटलं, 'हो, तिथेच.' आणि स्टुलावर जाऊन बसले, आणि तासभर सगळ्यांचे आवाज काढले. कोणाला काही कळलं नाही. मग मी त्याच्याकडे नीट बघितलं. पॉजवर बोट ठेवून तो माझ्याकडे बघायचाच नाही. माझ्या स्टुलाच्या मागे, भिंतीशी, नीलू बसायची. तो तिच्याकडे बघायचा. ती हसून हसून शांत होईपर्यंत तो कॅसेट सोडायचा नाही. माझ्या वाक्यासाठी कधी थांबलाच नव्हता. तिच्या हसण्यासाठी थांबायचा.

त्याच आठवड्यात एकदा नीलू माझ्याशेजारी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेली. मान खाली घालून म्हणाली, 'ताई, तू पुढचं बघितलंयस ना ऑफिसात?' मी बघायचे. जेवणाच्या सुट्टीत ट्रेनिंग रूममध्ये, जपान्यांनी आणलेल्या मशीनवर, डिक्शनरी घेऊन. पण शेवटची कॅसेट राहिलेली. मी म्हटलं, 'का गं?' तर म्हणाली, 'मला नको सांगूस. पण मी कौल लावलाय.'

आमचे आजोबा गावच्या देवळात गुरव होते. लोक काही अडलं की यायचे. शेत घ्यायचं का, मुलगी द्यायची का. आजोबा देवीच्या अंगावर ओल्या कळ्या लावायचे, गाऱ्हाणं घालायचे आणि बाजूला बसायचे. उजवी कळी पडली तर हो. डावी पडली तर नाही. मग माणूस ऐकायचा, हुज्जत घालायचा नाही. आम्ही दोघी सुट्टीत जायचो तेव्हा तिथे बसून बघायचो.

नीलूचा कौल असा, की उचकीरामचं आणि तिकीटवालीचं जमलं, तर ती सतीशला स्वतः जाऊन सांगणार. तो तोंड उघडणाऱ्यातला नाही, म्हणून ती सांगणार. नाही जमलं, तर विठ्ठलवाडीला हो म्हणून टाकणार. 'माझ्यात हिंमत नाहीये गं ताई,' म्हणाली, 'मला कोणाची तरी उसनी पाहिजे. वेडेपणा आहे ना?' आणि हसली. मग म्हणाली, 'तू गुरवाची नात. तू सांगशील ते मी देवाचं समजेन.'

तुम्ही म्हणाल, कार्टूनवर कोणी आयुष्य ठरवतं? बावीस वर्षांची मुलगी ठरवते. अर्धी मस्करी असते, अर्धी नसते. नाण्याचा छापा-काटा करणारे कमी आहेत का? आणि ती मस्करी नव्हती हे मला कळत होतं. तिच्या हातातली मेथी तशीच राहिलेली. जातीपातीचं काही आडवं येत नव्हतं. काकूंचा तिच्यावर जीव. आई दोन दिवस रुसली असती आणि मग समोरच्याच दारात मुलगी राहते म्हणून खूष झाली असती. फक्त कोणीतरी एकाने बोलायचं बाकी होतं.

मी काय बोलले? 'बघू या,' म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी मी शेवटची कॅसेट बघितली.

आता ऐका. दुसरा भाग वाईट नव्हता. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहित्येय. पहिल्यापेक्षा चांगला होता. हसणं थोडं कमी, पण माणसं मोठी झालेली. त्या खाडीवर पूल व्हायला घेतलेला असतो, होडी बंद पडणार, तिची नोकरी जाणार. तिला शहरात काम मिळतं. शेवटच्या दिवशी ती बॅग घेऊन गोळ्यांच्या दुकानात येते. उचकीराम काहीच बोलत नाही, उचकीही लागत नाही. ती दारातून मागे वळून म्हणते, 'इत्ते किमास.' तो म्हणतो, 'इत्ते राशाय.' संपलं.

आमच्या जपानीच्या बाई हे शिकवताना वर्गात हसलेल्या. म्हणालेल्या, हे तुम्हाला पाठ करायला नको, तुमच्याकडे आहेच. इत्ते किमास म्हणजे जाऊन येते. इत्ते राशाय म्हणजे जाऊन ये. आणि हे फक्त स्वतःच्या घरातून निघतानाच म्हणतात, पाहुणा म्हणत नाही. म्हणजे ती मुलगी त्याच्या दुकानाच्या दारात उभी राहून सांगत होती, की हे माझं घर आहे, मी परत येणार आहे. आणि तो म्हणत होता, हो. याहून मोठा होकार कुठल्या पिक्चरमध्ये असतो? मी ट्रेनिंग रूममध्ये एकटी बसून रडले. आनंदाने नव्हे. कळी उजवी पडलेली मला दिसली, म्हणून रडले.

त्यानंतरच्या रविवारी मी सुरुवात केली. एकदम नाही. मी हुशार आहे, मला एकदम काही करायची गरज नव्हती. एखादा विनोद गाळायचे. तिकीटवालीच्या प्रेमळ वाक्याला थोडी कुरकुर चिकटवायचे. उचकीराम दिलगिरी व्यक्त करायचा, मी त्याला टोमणा मारायला लावायचे. चित्रात ती हसत्येय आणि माझ्या तोंडून ती भांडत्येय. कोणाला संशय येणार? जपानी येणारी सबंध बिल्डिंगमध्ये मी एकटी. लोक जांभया द्यायला लागले. मजल्यावरची माणसं यायची बंद झाली. 'पहिल्याची सर नाही,' आई म्हणाली. 'पकाऊ झालाय,' पोरं म्हणाली. नीलू तेवढी येऊन बसायची, भिंतीशी, पुढे वाकून. हसायची जागाच मी ठेवली नव्हती, तरी बसायची.

मधल्या रविवारी कुठेही थांबू शकले असते. हे मला माहीत होतं. दर शनिवारी वाटायचं, उद्या नीट सांगू. आणि रविवारी तो म्हणायचा, 'झालं, सुधाताई?'

शेवटच्या रविवारी आम्ही पाचच जण. आई, काकू, सतीश, नीलू, मी. तिकीटवाली दारात आली. मागे वळली. बोलली.

मी म्हटलं, 'जाते मी.'

मग तो बोलला. मी म्हटलं, 'जा.'

काकूंच्या हातातली सुई थांबली. म्हणाल्या, 'जाते काय म्हणते मेली? येते म्हणावं. असं बोलून कोणी घरातून निघतं का?' आई म्हणाली, 'त्यांच्यात म्हणत असतील.' मी मागे बघितलं नाही. मागे भिंतीशी काही आवाज नव्हता.

सतीशने कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली. त्याचा कान रेडिओवाल्याचा. म्हणाला, 'सुधाताई, हे तेच ना? पहिल्या भागात तो रोज सकाळी घरातून निघताना ओरडायचा ते? तुम्ही तेव्हा येतो म्हणायचात.'

तेव्हासुद्धा दार उघडं होतं. 'अरे हो, चुकलं माझं,' एवढंच म्हणायचं होतं. लाज वाटायचीही गरज नव्हती, भाषांतरात चुका होतात. त्याने माझ्यापुढे सुटका आणून ठेवलेली, आणि नीलू मागे श्वास रोखून बसलेली. मी म्हटलं, 'ऐकायला सारखं आहे. अर्थ वेगळा आहे. तुला नाही कळायचं.'

तो ओशाळला. माझ्या शिक्षणाचा त्याला फार आदर. मशीनची वायर गुंडाळून तो गेला. त्या आठवड्यात नीलूने विठ्ठलवाडीला हो सांगितलं.

लग्न झालं. सतीशने मांडवातला लाऊडस्पीकर लावून दिला, पैसे घेतले नाहीत. जेवायला मात्र थांबला नाही.

इथे संपलं असतं तर मी कदाचित हे लिहिलं नसतं. वयाचा दोष, मत्सर, एका रविवारचा मूर्खपणा — माणूस स्वतःला काय काय समजावतो. पण हे संपलं नाही. हे सगळं मी तुम्हाला सांगितलं ते पुढचं सांगायला धीर यावा म्हणून. खरं तर मला पुढचंच सांगायचंय.

विठ्ठलवाडीचे लोक वाईट नव्हते. मारहाण नाही, मागणी नाही. त्यांच्या घरात एक पद्धत होती, अबोला. भाजीत मीठ जास्त पडलं, अबोला. माहेरी फोन केला, अबोला. नवरा, सासू, सासरा, तिघंही. आठवडेच्या आठवडे घरात एक शब्द नाही. ताट पुढे सरकवायचं, बोटाने दाखवायचं. आणि हसणं त्यांना थिल्लरपणा वाटायचा. नीलूचं हसणं.

लग्नाला काही वर्षं झाल्यावर एका दुपारी ती आली. हातात बॅग. मूल झालेलं नव्हतं, त्यावरूनही अबोला चालू होता. आई तेव्हा कल्याणला मावशीकडे गेलेली. मला ताप होता म्हणून मी घरी. ती आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली, परक्या घरात बसतात तशी. बोलताना तिचा आवाज फुटत होता. मला वाटलं रडत्येय. तर म्हणाली, 'नाही गं. बरेच दिवस बोलले नाहीये कोणाशी. घसा बसलाय.'

मग म्हणाली, 'ताई, मी परत नाही जात. राहू का इथे? तू सांग.'

मला का विचारलं? ते तिनेच सांगितलं. म्हणाली, 'आई माझं मन राखायला काहीही बोलेल. तू नाही बोलणार. त्या कार्टूनच्या वेळीही तू गोड करून सांगू शकली असतीस. माझा कौल तुला माहीत होता. तरी तू खरं ते सांगितलंस. म्हणून तुला विचारत्ये.'

हे ती माझ्याकडे बघून म्हणाली. विश्वासाने.

समोरचं दार उघडं होतं. सतीश दुपारचा जेवायला घरी यायचा. त्याने लग्न केलेलं नव्हतं. काकू गेलेल्या, तो एकटाच. नीलू इथे राहिली असती तर आज ना उद्या पॅसेजमध्ये दोघं भेटले असते. बोलले असते. आणि कधीतरी उचकीरामचा विषय निघाला असता, आणि त्याने विचारलं असतं, तुझ्या ताईने त्या दिवशी येते ऐवजी जाते का म्हटलं गं? त्याच्या डोक्यातून ते गेलं नसणार. अशा माणसांच्या डोक्यातून आवाज जात नाहीत. मग नीलू माझ्याकडे बघते, आता बघत होती तशीच, आणि काय बघते? मला तेवढंच दिसलं. तिचा बसलेला घसा मला दिसला नाही. असं म्हणवत नाही, दिसला. दिसून मी बाजूला ठेवला.

मी तिला समजावलं. केवढं समजावलं. तापात होते, तरी शब्द कसे सरसर येत होते. म्हटलं, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच. म्हटलं, न बोलणं म्हणजे काही मारणं नव्हे. म्हटलं, आईचं वय झालंय, लोक काय म्हणतील, मूल झालं की सगळं ठीक होतं. एवढंच नाही, मी म्हटलं, 'तू विचारलंस म्हणून खरं सांगत्ये. तुझं घर तेच आहे.'

तिने हुज्जत घातली नाही. कौल मिळाला की घालत नाहीत. पाणीसुद्धा न पिता उठली.

नीलू अजून तिथेच आहे. मूल झालं नाही, आणि ठीकही झालं नाही. दिवाळीत येते, फराळाचा डबा ठेवते, विचारलं तर हो-नाही बोलते. हसत नाही. शेजारच्या नव्या सुना मला विचारतात, तुमची बहीण पहिल्यापासूनच अशी शांत का? मी म्हणते, हो, आमचं घराणंच घुमं. तिला मी हे सांगितलेलं नाही. दर दिवाळीला सांगू शकले असते. सांगून तिला आता काय मिळणार, असं मी स्वतःला विचारते, आणि तोही माझ्याच सोयीचा प्रश्न आहे.

त्या दुपारचं एवढं एक राहिलं. मी तिची बॅग उचलून तिला रिक्षात बसवून आले. ताप होता, जिना चढताना धाप लागली. वर आले तर सतीश त्याच्या दारात उभा होता. नुकताच जेवून उठलेला, हात ओले. म्हणाला, 'सुधाताई, नीलू आलेली का? आवाज आल्यासारखा वाटला.'

मी म्हटलं, 'नाही रे. टीव्ही चालू होता.'

तो 'बरं' म्हणाला आणि आत गेला.